बाल्कनीचा रकाना : एका तालुक्याच्या टॉकीजचं प्रकरण

आधीच सांगून टाकतो, गावाचं नाव, टॉकीजचं नाव, माणसांची नाती थोडी फिरवलीत, आकडेही गोळाबेरजेत दिलेत. बाकी जे आहे ते जसं घडलं तसं. मी ह्या टॉकीजवाल्या कुटुंबाची टॅक्सची रिटर्न भरतो २००४ पासून, म्हणजे बाहेरचा म्हणाल तर बाहेरचा आणि आतला म्हणाल तर आतला. लहानपणी स्टॉलमधल्या बाकड्यावर बसून, पुढच्याच्या फेट्याच्या बाजूनं मान वाकडी करून पिक्चर बघितलेला माणूस आहे मी, त्यामुळं अगदी कोरडेपणानं लिहायला जमणार नाही.

पार्श्वभूमी

गाव सांगली-सातारा पट्ट्यातलं. साखर कारखाना, बुधवारचा बाजार, माघात जत्रा. जिल्ह्याचं ठिकाण ३८ किलोमीटर. टॉकीज बांधली १९७१ साली ह्या कुटुंबातल्या आबांनी. त्याआधी आबा तंबू घेऊन जत्रांना फिरायचे, ट्रकवर मशीन, पाठीमागं जनरेटर, पडदा बांबूला बांधलेला. पक्की टॉकीज काढली तेव्हा ७८० सीटा होत्या, स्टॉल ४१०, अप्पर २१०, बाल्कनी १६०. स्टॉलला लाकडी बाकडी, वर बाल्कनीत कुशनच्या खुर्च्या, आणि बायकांसाठी तिकिटाची वेगळी खिडकी.

तेव्हाचं पिक्चर बघणं म्हणजे काय होतं हे आजच्या पोरांना सांगायला गेलं की अतिशयोक्ती वाटते. पिक्चर आधी मुंबई-पुण्यात, मग जिल्ह्याला, मग कित्येक आठवड्यांनी आमच्याकडं, तोवर प्रिंटवर पाऊस, म्हणजे ओरखड्यांच्या रेघा, पडायला लागलेला असायचा. रिळांच्या पेट्या एसटीनं यायच्या, प्रिंटसोबत डिस्ट्रिब्युटरचा माणूस यायचा आणि तो आठवडाभर लॉजवर राहून रोजची तिकीटं मोजायचा, वरनं करमणूक कर खात्याचे निरीक्षक कधी अचानक येऊन अर्धुकं मोजायचे. केबिनमध्ये दोन मशीन, कार्बनच्या कांड्यांचा उजेड, दर वीसेक मिनिटांनी एका मशीनवरून दुसऱ्यावर उडी. ऑपरेटर काकांची ती उडी कधी चुकली की अख्खं स्टॉल त्यांच्या मातोश्रींची आठवण काढायचं. रिक्षावर भोंगा लावून जाहिरात, कारखान्याची ऊसबिलं जमा झाली की हाऊसफुल्लचा बोर्ड, इंटरव्हलला शेंगदाणे आणि गोटी सोडा.

आणि बायका. हे मुद्दाम वेगळं लिहितोय कारण सगळं प्रकरण इथंच येऊन अडकतं. १९९१ साली ‘माहेरची साडी’ लागला तेव्हा आसपासच्या वाड्यांवरनं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका आल्या होत्या, भाकरी बांधून. दुपारचा खेळ त्यांचाच. आमच्याकडं तो अकरा आठवडे चालला आणि आबांच्या जुन्या वहीत त्या अकरा आठवड्यांत बाल्कनीचा रकाना रोज ‘फुल्ल’ लिहिलेला आहे. माझी आई त्यातच होती, घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही.

अडचण कशी तयार झाली

अण्णांनी (आबांचा थोरला मुलगा) कारभार हातात घेतला १९९८ ला, आबांना अर्धांगाचा झटका आल्यावर. वेळ वाईट होती. घराघरात केबल आलेली, सीडीवर नवा पिक्चर दहा रुपये भाड्यानं मिळायचा, तोही कधी कधी आमच्याकडं लागायच्या आधी. शहरात मल्टिप्लेक्स यायला लागले, दिल्लीत पहिलं १९९७ ला झालं आणि २००१ पासून आपल्या राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सला सुरुवातीची वर्षं करमणूक करात सूट दिली. आम्ही मात्र पूर्ण कर भरत होतो. अण्णा आजही ह्या विषयावर तासभर बोलू शकतात, त्यांना थांबवू नये.

तर १९९९ मध्ये अण्णांनी पहिला मोठा निर्णय घेतला. सकाळी साडेदहाचा मॉर्निंग शो, आणि त्यात ‘तसले’ डब केलेले पिक्चर. भाडं कमी, गर्दी नक्की. खरं सांगायचं तर तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्याच्या टॉकीजांनी हेच केलं, अण्णा काही वेगळे नव्हते. वह्या बघितल्या तर २००१ ते २००५ पगार आणि लाईटबिल ह्या एका शोनंच काढलंय. त्यामुळं ‘चूक होती’ असं म्हणणं आज सोपं आहे, तेव्हा त्या शोशिवाय टॉकीज बंद पडली असती हेही तितकंच खरं.

पण ती पोस्टरं दर्शनी भिंतीवर लागायची आणि ती भिंत कन्याशाळेच्या रस्त्यावर. मुलींनी रस्ता बदलला. मग आयांनी. मॉर्निंग शो सुटायचा साडेबाराला आणि त्याच वेळी दुपारच्या खेळाला बायका यायच्या, म्हणजे बाहेर पडणारा घोळका आणि आत जाणाऱ्या बायका एकाच फाटकात समोरासमोर. एवढं सरळ कारण होतं, पण कुणी बोललं नाही. बायका फक्त यायच्या बंद झाल्या.

आता माझी चूक. मी २००४ पासून हिशेब बघतोय आणि दरवर्षी एकूण विक्रीची बेरीज बघायचो. बेरीज हळूहळू उतरत होती, वर्षाला थोडीथोडी, घाबरण्यासारखं काही नाही. बाल्कनीचा रकाना मी कधी वेगळा काढून बघितलाच नाही. २०२२ ला काढला तेव्हा दिसलं की बाल्कनी २००२ लाच पडली होती, स्टॉल पडायच्या चांगली तीन वर्षं आधी. २००६ मध्ये तर शोला सरासरी नऊ तिकीटं बाल्कनीची! पुढं काय होणार ते वहीनं आधीच सांगितलेलं होतं आणि आम्ही सगळे केबलवाल्याला शिव्या घालत बसलो होतो.

मधले दोन निर्णय

२०१० ला डिजिटल आलं. म्हणजे देशात सॅटेलाइटनं पिक्चर पाठवायचं २००५ पासूनच सुरू झालेलं, आमच्याकडं २०१० ला डिश बसली. पर्याय दोन होते. एक स्वस्तातला, सॅटेलाइट बॉक्स आणि साधा प्रोजेक्टर, अनामत थोडी आणि दर शोमागं पैसे. दुसरा पूर्ण टूके सिस्टीम, जी हॉलिवूडवाले मागतात, पण ती कित्येक पटीनं महाग. अण्णांनी पहिला घेतला, बरोबरच घेतला असं मला वाटतं. फायदा एका शुक्रवारात दिसला: जो पिक्चर मुंबईत लागला तोच त्याच दिवशी आमच्या गावात! रिळांची पेटी नाही, पाऊस पडलेली प्रिंट नाही. पोरं खूश. तोटा कळायला वेळ लागला. सगळीकडं एकदम लागतो म्हणजे सगळीकडनं एकदम उतरतो. आधी पिक्चर चार-पाच आठवडे मुरायचा, आता शुक्रवार-शनिवार-रविवारात काय ते, सोमवारी डोअरकीपर आणि कुत्रं. आणि हॉलिवूडचे डब पिक्चर, जे पोरांना हवे होते, ते आमच्या मशीनला मिळायचेच नाहीत.

दुसरा निर्णय २०१६ चा. २९ एप्रिलला ‘सैराट’ आला. ते दिवस ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको. आमच्याकडं रात्री बाराचा आणि पहाटे तीनचासुद्धा खेळ लावला, लोक टमटमनं, मोटारसायकलवर ट्रिपल सीट, बाहेर पटांगणात झोपून पुढच्या खेळाची वाट बघत होते. मराठी पिक्चरला तेव्हा करमणूक कर नव्हता त्यामुळं हातात पैसेही बरे राहिले. पाच-सहा आठवड्यांत गेल्या तीन वर्षांत मिळाले नव्हते एवढे मिळाले. त्या पैशाचं काय करायचं? अण्णांनी जुनं कर्ज फेडलं, दर्शनी भाग रंगवला, स्पीकर बदलले. संडासाला हात लावला नाही. मी तेव्हा समोर बसलेलो होतो आणि मलाही सुचलं नाही. नोव्हेंबरात नोटाबंदी आली आणि परत पहिले पाढे.

‘सैराट’च्या त्या गर्दीत बायका खूप होत्या, बरं का. म्हणजे एवढा मोठा इशारा समोर उभा होता की पिक्चर हवा असेल तर त्या येतात, पण आम्ही त्याचा अर्थ लावला ‘मोठा पिक्चर असला की सगळेच येतात’. आणि पुढचा मोठा पिक्चर कधी येतोय ह्याची वाट बघत बसलो.

प्रसंग

मार्च २०२० ला टॉकीज बंद. नोव्हेंबरला पन्नास टक्क्यांवर उघडली, २०२१ च्या एप्रिलला परत बंद, मग २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. तोवर सगळ्या घरात मोबाईलवर पिक्चर बघायची सवय लागलेली. ऑपरेटर काका सोडून बाकी माणसं दुसरीकडं कामाला गेलेली. खुर्च्यांचं कुशन उंदरांनी खाल्लेलं, छताचा पत्रा दोन ठिकाणी गळत होता. २०२२ मध्ये सरासरी शोला चाळीस माणसं, त्या ७८० सीटांत चाळीस माणसं म्हणजे कसं दिसतं विचार करा, बघणाऱ्यालाच भीती वाटते.

२०२२ च्या दिवाळीत घरात बैठक झाली. अण्णा, त्यांचा धाकटा भाऊ (पुण्यात नोकरीला, ह्याला भाऊसाहेब म्हणू), अण्णांचा मुलगा, सून जी गावातल्याच शाळेत शिक्षिका आहे, बहीण, आणि मी.

पर्याय काय होते

मंगल कार्यालय करावं असं पहिलं मत आलं. बिनखांबाचा मोठा हॉल आहेच. पण टॉकीजच्या जमिनीला उतार असतो, तो भरायचा, स्वयंपाकघर काढायचं, आणि पार्किंग पेठेत आणणार कुठनं? त्यात गावाभोवती तोवर सात-आठ लॉन झालेली. हा पर्याय अर्ध्या तासात पडला.

दुसरा, बिल्डरला देणं. भाऊसाहेबांचा जोर ह्याच्यावर. आणि खरं बोलायचं तर कागदावर हाच सगळ्यात शहाणपणाचा होता. पेठेतली जागा, खाली दुकानं, वर फ्लॅट, चार वारसांची वाटणीही सुटसुटीत. बिल्डरनं आकडाही दिला होता. अडचण अशी की थिएटरची जागा दुसऱ्या वापराला काढताना परवानग्यांची भानगड असते आणि बिल्डर म्हणत होता ती तुम्ही निस्तरा, मग सही. वर अण्णांचा जीव त्यात. भाऊसाहेब एकदा बोलून गेले, “अण्णा, तू टॉकीज चालवत नाहीस, आबांचं श्राद्ध चालवतोयस.” त्यावर दोन महिने दोघं बोलत नव्हते.

तिसरा, एखाद्या मल्टिप्लेक्स कंपनीला चालवायला देणं. एका कंपनीची माणसं येऊन बघून गेली, मोजमाप घेतलं, चहा घेतला. त्यांना किमान तीन स्क्रीन हव्या होत्या, बांधकामाचा खर्च सगळा आपला, नाव त्यांचं, तिकिटाचा दर ते ठरवणार. दर ऐकून अण्णांनी विचारलं, “हे तिकीट आमच्या गावात कोण काढणार?” त्यावर त्यांच्याकडं उत्तर नव्हतं आणि आमच्याकडंही.

चौथा, स्वतःच दोन छोट्या स्क्रीन करणं. खाली एक, बाल्कनीची एक. मुलाचा आग्रह ह्याच्यावर, पण त्याच्या डोक्यात होतं लेझर प्रोजेक्टर, भारी साउंड, झोपायच्या खुर्च्या. म्हणजे शहरातल्यासारखं.

तेव्हा सूनबाई, ज्या तोवर चहाच आणत होत्या, त्या म्हणाल्या, “मामंजी, मी ह्या घरात येऊन चौदा वर्षं झाली. आपल्या टॉकीजात मी एकदाच पिक्चर बघितलाय, तोही सैराट, आणि इंटरव्हलला बाथरूमला जायला घरी आले.” घर दीडशे पावलांवर आहे म्हणून जमलं. बाकीच्यांचं काय?

कुणी काही बोललं नाही. अण्णा उठून आत गेले.

काय केलं

त्या बाईनं मग काय केलं, तर वही घेतली आणि भिशीतल्या, शाळेतल्या, बचत गटातल्या साठेक बायकांना विचारलं की तुम्ही जिल्ह्याला जाऊन पिक्चर बघता, ३८ किलोमीटर जाता, दोनशे-अडीचशेचं तिकीट काढता, ते का? ती वही मी बघितलीय. साउंड हा शब्द एकदाही नाही. पडदा एकदाही नाही. संडास जवळजवळ सगळ्यांनी सांगितलेला. सीटवर नंबर असतो, म्हणजे शेजारी कोण बसणार ते आपल्या हातात राहतं. पोरं घेऊन गेलं तर कुणी हुसकत नाही. दुपारी जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता येतं. एकीनं सांगितलेलं मला आजही पाठ आहे: “आमच्या गावच्या टॉकीजात गेले असं सासूला सांगायला लाज वाटते.” मॉर्निंग शो बंद होऊन तोवर दहा वर्षं झाली होती. नाव मात्र तसंच चिकटलेलं.

मग आला जून २०२३. तीस तारखेला ‘बाईपण भारी देवा’ लागला आणि आठवड्याभरात दिसायला लागलं की गावातल्या बायका ग्रुपनं, सारख्या साड्या नेसून, गाडी ठरवून जिल्ह्याला चालल्यात. सूनबाईंनी अण्णांना गाठलं. डिस्ट्रिब्युटर आधी आमचं नाव ऐकून टाळत होता, तिसऱ्या आठवड्यात दिला. तेवढ्या वेळात त्यांनी केलं काय: दोन संडास दुरुस्त करून घेतले, साफसफाईला आणि फाटकात एक मावशी ठेवली, बाल्कनी आणि अप्परच्या खुर्च्यांवर पेंटरकडून नंबर टाकून घेतले, दुपारी बाराचा खेळ फक्त बायका आणि कुटुंबांसाठी, बुकिंग व्हॉट्सअ‍ॅपवर. खर्च सगळा मिळून ऐंशी हजारांच्या आत. प्रोजेक्टर तोच २०१० चा, छत तेच गळकं, फक्त बादल्या ठेवल्या.

अकरा दिवसांत चार हजारांच्या आसपास तिकीटं गेली. त्याआधीच्या चार महिन्यांत मिळून एवढी गेली नव्हती. ऑपरेटर काका खाली येऊन म्हणाले, “बाल्कनीतनं हसायचा आवाज कितीतरी वर्षांनी आला केबिनमध्ये.”

माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातला खरा निर्णय हाच, बाकी सगळं त्याचा विस्तार. कारण पहिल्यांदाच आम्ही पावणेदोन कोटींच्या वर लावायच्या आधी ऐंशी हजारात विचारून बघितलं की लोक येतात का.

दिवाळी २०२३ ला चौथा पर्याय पक्का झाला, पण यादीचा क्रम उलटा करून. आधी संडास, मग जिने आणि पार्किंग, मग खुर्च्या, मग मशीन. एकूण अंदाज १ कोटी ८५ लाख, त्यात १ कोटी १० लाख बँकेचं, बाकी एक प्लॉट विकून. खाली २१२ सीटा, वर ११८.

बाल्कनीची स्क्रीन करताना आर्किटेक्ट बाई एका गोष्टीवर अडून बसल्या, वरच्या स्क्रीनला बाहेर पडायला स्वतःचे दोन जिने. त्यात २२ सीटा जात होत्या. मुलगा कुरकुरत होता, तेव्हा बाईंनी त्याला दिल्लीच्या उपहार टॉकीजच्या आगीची गोष्ट सांगितली, १३ जून १९९७, एकोणसाठ माणसं गेली, त्यातली बरीचशी बाल्कनीत अडकलेली, कारण जादा खुर्च्या टाकून वाट बुजवलेली होती. मुलगा गप्प झाला. २२ सीटा गेल्या त्या गेल्या.

तिकिटाचा दर हा माझ्या खात्याचा विषय. तेव्हा जीएसटी शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाला १२ टक्के आणि वर १८. मुलगा म्हणत होता सरसकट १५०. मी म्हटलं खालची स्क्रीन शंभरच्या आत ठेवा, कर वाचतो तो वाचतो, पण ‘शंभर रुपयात पिक्चर’ हे गावात तोंडोतोंडी जातं. तसं केलं, खाली १००, वर १५०.

निकाल

उघडायचं ठरलं होतं जानेवारी २०२५ ला. फायर एनओसी लांबली, कुणाची चूक ह्यात पडत नाही, आमचे कागदही एकदा चुकीचे गेले होते. त्यात १४ फेब्रुवारीला ‘छावा’ आला आणि आख्खा तालुका जिल्ह्याकडं पळाला. आम्ही उघडलो दुसऱ्या आठवड्यात. पहिला आठवडा गेला तो गेला, नुसता आकडा मनात आला तरी अण्णा पाणी पितात.

आणि उद्घाटनाच्या खेळालाच घोळ. डिजिटलमध्ये पिक्चर हार्ड डिस्कवर येतो पण तो उघडायला एक डिजिटल चावी लागते, ती ठरावीक सर्व्हरला आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. वरच्या स्क्रीनची चावी आली खालच्या सर्व्हरच्या नावानं. आमदारसाहेब नारळ फोडून बसलेत, ११८ माणसं बसलीत, आणि पडदा काळा. पन्नास मिनिटं फोनाफोनी. ऑपरेटर काका म्हणाले, “कार्बन संपला तर मी शेजारच्या गावातनं सायकलवरनं आणायचो, ही चावी कुठनं आणू?”

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं? मिश्र. शनिवार-रविवार दोन्ही स्क्रीन बऱ्यापैकी भरतात. मराठी कौटुंबिक पिक्चर असला की दुपारचा बाराचा खेळ सगळ्यात जोरात, शहरात संध्याकाळी गर्दी असते तशी आमच्याकडं दुपारी. वर्षभराच्या तिकिटांत बायका निम्म्याच्या आसपास असाव्यात, असा मावशींचा अंदाज आहे आणि मला तो माझ्या कुठल्याही रिपोर्टपेक्षा खरा वाटतो. कॅन्टीन चांगलं चाललंय, पॉपकॉर्नपेक्षा वडा आणि कटवडा जास्त खपतो, आणि बाहेरचं खायला आणू नका असा बोर्ड अण्णांनी लावू दिला नाही. परीक्षा आणि आयपीएलच्या दिवसांत मात्र खडखडाट, त्या दोन-तीन महिन्यांत हप्ता दुकानाच्या भाड्यातनं भरला.

हरवलं काय तेही लिहिलं पाहिजे. स्टॉल हरवलं. पूर्वी नोव्हेंबरपासून ऊसतोड टोळ्या आल्या की बीडकडची माणसं रात्रीच्या खेळाला स्टॉल भरून टाकायची, ३० रुपये तिकीट, शिट्ट्या, पडद्यावर चिल्लर फेकणं. दमलेला माणूस तीन तास गार वाऱ्यात बसायचा, अर्धे तर झोपायचे. ती माणसं १०० रुपयाला येत नाहीत, आणि आली तर नंबरच्या खुर्चीवर अवघडून बसतात. बायकांना परत आणताना आम्ही ह्यांना बाहेर काढलं, ठरवून नाही, पण झालं तसं. भिशीतल्या ज्या बाईला शिट्ट्यांचा त्रास होता तिची बाजूही मला पटते आणि त्या टोळीतल्या माणसाचीही. ह्याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

१९९९ चा मॉर्निंग शो टाळता आला नसता असं मी अजूनही म्हणेन. पण पोस्टर कन्याशाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर लावायची गरज नव्हती, आणि मॉर्निंग शो दहाला सुरू करून बाराच्या आत गेट रिकामं करता आलं असतं. एवढ्या दोन गोष्टींनी बाल्कनी कदाचित अजून चार-पाच वर्षं टिकली असती. फुकटच्या गोष्टी होत्या दोन्ही.

२०१६ चे पैसे हा सगळ्यात मोठा हुकलेला मोका. तेव्हा गर्दी दारात होती, हातात रोख होतं, बायका आत आलेल्या होत्या. त्यावेळी दोन लाखांचे संडास आणि नंबरच्या खुर्च्या झाल्या असत्या तर त्यातल्या निम्म्या बायका पुढच्या पिक्चरला परत आल्या असत्या. त्याऐवजी आम्ही स्पीकर घेतले. स्पीकर विकणारा माणूस दारात येतो, संडास बांधा सांगायला कोण येतंय?

हिशेबाच्या बाजूनं, वर्गवार तिकिटांचा महिन्याचा तक्ता मी २००४ पासून काढला असता तर पहिल्याच बैठकीत चित्र वेगळं दिसलं असतं. आता काढतो. वेळेनुसार, वारानुसार, स्क्रीननुसार. कॉम्प्युटरवर एका बटणाचं काम आहे, तेव्हा वहीत बोट फिरवायचं होतं, तेही अवघड नव्हतंच.

उद्घाटनाची तारीख मोठ्या पिक्चरला बांधायची नव्हती. आधी दोन आठवडे जुना पिक्चर लावून, गावातल्या शाळांना फुकट दाखवून मशीन, चावी, माणसं सगळं घासून घ्यायला हवं होतं.

आणि बिल्डरचा पर्याय आम्ही नीट तपासलाच नाही. अण्णांच्या भावना आड आल्या आणि आम्ही भाऊसाहेबांनाच खलनायक करून टाकलं. खाली दुकानं आणि वर एक स्क्रीन असं काहीतरी मधलं निघालं असतं का, ह्यावर कुणी कागद-पेन्सिल घेऊन बसलं नाही. बँकेचा हप्ता भरताना हा विचार माझ्या मनात येतो, अण्णांच्या येत नसावा.

सध्या

२२ सप्टेंबर २०२५ पासून शंभरपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी ५ टक्के झाला. त्यातनं जे सुटलं त्यावर अण्णांनी एक हट्ट केला, खालच्या स्क्रीनच्या पुढच्या तीन रांगा रात्रीच्या खेळाला ६० रुपये, नंबर नाही, कुठंही बसा. मुलाच्या मते हे बुकिंगच्या अ‍ॅपवर बसवणं डोकेदुखी आहे, म्हणून ती तिकीटं खिडकीवरच मिळतात, हातानं फाडलेली. नोव्हेंबरात टोळ्या आल्या, काही रात्री त्या तीन रांगा भरल्या, काही रात्री चार माणसं. मागच्या रांगेतल्या दोन कुटुंबांनी तक्रार केली, सूनबाईंनी ती मावशींच्या वहीत लिहून ठेवलीय.

भाऊसाहेबांनी मार्च २०२७ पर्यंत थांबायचं कबूल केलंय. बिल्डरचा फोन अजून येतो, दर दोन-तीन महिन्यांनी, तो हल्ली अण्णांना नाही, मला करतो.